गिटारच्या पोटात करडीचं तेल

लग्न होऊन मी हिंगोलीला आले तेव्हा माझ्यासोबत एक पत्र्याची ट्रंक, दोन गोधड्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक गिटार होती. ट्रंक आणि गोधड्या कुणी पाहिल्यासुद्धा नाहीत. पूर्णेहून आलेल्या छोट्या आगगाडीतून उतरून आम्ही टांग्यात बसलो, गल्लीच्या तोंडाशी उतरलो, तर अख्खी गल्ली माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघत उभी. शेजारच्या मावशीनं पदर तोंडाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माझ्या सासूबाईंना विचारलं, "काय वं, तुमची सून तर लेकरू घिऊनच आली!" बायका खो खो हसल्या. मीही हसले. नव्या नवरीनं दुसरं करायचं तरी काय! त्या दिवसापासून गल्लीत माझ्या गिटारचं नाव 'लेकरू' पडलं आणि ते कायमचं राहिलं.

आता गिटार माझ्याकडे कशी आली ते सांगते. माझे वडील पूर्णेला लोकोशेडमध्ये फायरमन होते. आमच्या चाळीपलीकडे गार्ड लोकांचे बंगले होते आणि त्यातल्या एकात एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. त्या गार्डसाहेबांच्या बायकोला आम्ही सगळी मुलं आंटी म्हणायचो. आंटीच्या घरी गिटार होती. उभी धरून वाजवतात ती नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात गुळगुळीत लोखंडी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. त्या काळी रेडिओवर सिनेमाची गाणी अशा गिटारवर वाजायची, त्यामुळे तो आवाज कानाला ओळखीचा होता. मी शाळा सुटली की आंटीच्या ओट्यावर जाऊन बसायची. मला सोपं जावं म्हणून तिनं कुठला सूर कुठं येतो तिथं नेलपॉलिशचे लाल ठिपके काढून दिले. पुढे त्यांची बदली लांब कुठेतरी झाली, आणि जाताना ती गिटार माझ्या हातात देऊन म्हणाली, "रख ले बेबी, उधर मैं दूसरा लूंगी." मी वेड्यासारखी गाडीमागं धावले होते.

सासरी आम्ही तिघंच. सासरे मी येण्याच्या आधीच गेले होते. आमचे हे एस.टी. डेपोत मेकॅनिक. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, हंगामात आडत दुकानावर हळद निवडायला जायच्या आणि बाकीच्या दिवसांत मिळेल ते काम करायच्या. पण गल्लीत त्यांची ओळख कामावरून नव्हती, गळ्यावरून होती. आमच्या वस्तीतल्या बायकांची एक गायनपार्टी होती. जयंतीला, लग्नाला, बारशाला त्या गायच्या. पार्टीची मुख्य गाणारी आमच्या आत्याबाई, आणि ढोलकीवर ती लेकरूवाली मावशी. ढोलकी बाईनं वाजवायची का, असा प्रश्न कुणी मावशीला विचारला असेल, तर तो माणूस मला काही भेटला नाही.

सकाळी हे आणि आत्याबाई कामावर गेले, भांडीकुंडी झाली, की मी दार लोटून गिटार घेऊन बसायची. पत्र्याचं घर, त्यात तो आवाज असा घुमायचा की आपण फार मोठे कलाकार आहोत असं वाटायचं. भिंतीपलीकडं मावशीचं घर. माझा सूर चुकला की ती तिकडून पितळीवर उलथनं हाणायची. तिला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चूक मात्र बराबर कळायची. मी चिडून तेच तेच वाजवत राहायची, आणि ती तेच तेच हाणत राहायची. शेवटी एकदा नीट जमलं की पलीकडून आवाज यायचा, "हां, आत्ता गं माझी बाई!"

आत्याबाईंना सुरुवातीला माझं वाजवणं फारसं पटलं नाही. नको म्हणाल्या नाहीत, पण संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "समदं बरं हाय, पर ते सारखं रडतंय काहून? तुझ्या माहेरी असं रडतच वाजवतेत का?" कांडी सरकली की सूर लांबतो, तेच त्यांना रडणं वाटायचं. हे म्हणाले, "आई, ते रडत नाही, गातंय." त्यावर त्या म्हणाल्या, "गातंय तर मग आमच्यात आन की. गान्याला घरात कोंडून काहून ठिवायचं?"

मला तेच हवं होतं. खरं सांगते, हिंगोलीत मला फार एकटं वाटत होतं. पूर्णेची चाळ, आंटीचा ओटा, शेडमधल्या इंजिनाच्या शिट्ट्या, सगळं मागं राहिलं होतं. रविवारी दुपारी बायका विहारापुढच्या पत्र्याखाली गायला बसायच्या तेव्हा मी घरून त्यांचा आवाज ऐकायची आणि मला वाटायचं, हे लोक ज्या दिवशी मला आपल्यात बसवतील त्या दिवशी मी इथली होईन. त्याआधी नाही. सून म्हणून मी इथली केव्हाच झाले होते, पण सून म्हणजे चहा आणून देणारी. मला त्या गोलात मांडी घालून बसायचं होतं.

पुढच्या रविवारी गेले. आणि माझी जी फजिती झाली, ती आठवली की आजही एकटीच हसते.

या पार्टीची एक रीत होती. निम्म्या बायका एका बाजूला बसायच्या, निम्म्या समोर. एका बाजूनं ओळ धरायची, दुसऱ्या बाजूनं ती झेलायची, आणि झेलताना आवाज जरासा वर न्यायचा. मग पहिल्या बाजूनं तीच ओळ आणखी वरून घ्यायची. याला त्या 'चढ' म्हणायच्या. असं करत करत गाणं इतकं वर जायचं की एका बाजूचा दम संपायचा. ज्यांच्या गळ्यातून आवाज निघेना त्यांच्यावर गाणं 'बसलं', आणि बसलं की दुसऱ्या बाजूच्या बायका टाळ्या पिटून त्यांची टर उडवायच्या. आणि सुरुवात कुठून करायची हेही ठरलेलं नसे. आत्याबाईंचा घसा जिथं त्या दिवशी उघडेल तिथून. हळदीच्या हंगामात घशात धूळ बसलेली असायची, तेव्हा खालून. मटण खाल्लेलं असलं तर वरून, असं मावशी म्हणायची.

आणि मी बसले होते आंटीचे लाल ठिपके धरून! पहिल्या ओळीला कसाबसा सूर सापडला. दुसऱ्या ओळीला त्या पुढे सरकल्या, तिसऱ्या ओळीला आणखी पुढे, आणि मी आपली ठिपक्यावर कांडी दाबून जागच्या जागी. ढोलकी एकीकडे, गाणं दुसरीकडे आणि माझं रडगाणं तिसरीकडे. मावशीचा हात हसून हसून ढोलकीवरून घसरला. मी आत्याबाईंना म्हणाले, "तुम्ही एका जागी थांबतच नाही." त्या म्हणाल्या, "आमी काहून थांबावं? गानं काय बसथांबा हाय का?"

पण मनानं बायका फार चांगल्या. सूनबाईला वाईट वाटलं म्हणून म्हणाल्या, बरं, आज आपण हिच्या सुरात गाऊ, वर न्यायचं नाही. मी सूर दिला, त्यांनी धरला आणि शाळेतल्या मुलींसारख्या ताठ बसून, एकही पायरी न चढता अख्खं गाणं म्हटलं. ते इतकं मरगळलेलं झालं की शेवटी मावशीनं ढोलकी खाली ठेवली आणि इकडंतिकडं बघत विचारलं, "कोनी गेलं का वं आज?" सगळ्यात मोठ्यानं मीच हसले.

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं असेल, तर नेलपॉलिशचे ठिपके ब्लेडनं खरवडून काढले. आंटीची आठवण म्हणून जीव तुटत होता, पण काढले. अशा गिटारची खरी गंमत ही की कांडी कुठेही थांबू शकते. ठरल्या जागेची तिला गरजच नाही. गरज होती ती मला. आता जागा कानानं शोधायची होती आणि त्यासाठी समोर गाणारं माणूस हवं होतं. ते माणूस चुलीपुढंच बसलेलं होतं.

आत्याबाई भाकरी थापताना गुणगुणायच्या. मी पाट ओढून शेजारी बसायची आणि गिटार मांडीवर घेऊन हळूच त्यांच्या मागं जायची. पहिले काही दिवस त्यांनी काही दाखवलं नाही. मग माझ्या लक्षात आलं की बाई मुद्दाम खोड्या काढतायत. परातीत भाकरी थापता थापता ओळ मधेच वर उचलायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या, ही येते का मागं. मी गेले की आणखी वर. मी चुकले की "हुकली!" म्हणून पिठाचा हात माझ्या गालाला लावायच्या. एकदा आम्ही दोघी अशा चढत गेलो, चढत गेलो, आणि तव्यावरची भाकरी कोळसा झाली. हे डबा न्यायला आले तर घरात धूर आणि आम्ही दोघी हसून लोळतोय. त्यांना त्या दिवशी करपलेली भाकरी न्यावी लागली. बिचाऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

उन्हाळ्यात शिरड शहापूरला आत्याबाईंच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न निघालं. नवरदेव पुसेगावचा. पुसेगावच्या बायकांचीही पार्टी होती आणि ती जबरी आहे असं सगळीकडे बोललं जायचं. जेवणं झाल्यावर मांडवात मुलीकडच्या आणि मुलाकडच्या पार्ट्या समोरासमोर बसणार, हे न सांगताच ठरलेलं होतं. आमच्या पार्टीतल्या दोघीतिघींनी आत्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की लेकरू घरीच राहू द्या. गल्लीत हसलो ते हसलो, पण सोयऱ्यांत फजिती नको. मी आतून ऐकत होते. आत्याबाई म्हणाल्या, "ती येनार. गानं बसलं तर माझं नाव जाईल, तुमचं न्हाई." बस्स, एवढंच.

आणि मग त्यांनी, माझ्यावरच्या मायेनं, ते करून ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी सामान आणायला बाजारात गेले होते. परत आले तर गिटार अंगणात पाटावर, आणि शेजारी तेलाची रिकामी वाटी. आत्याबाई समाधानानं हात पुसत होत्या. ढोलकीच्या मोठ्या तोंडाला आतून तेलात कालवलेला मसाला लावतात, तेव्हा ती घुमते, हे आमच्या घरात लहान पोराला ठाऊक. आता ढोलकी पोकळ, लेकरूही पोकळ. मग त्याला कुणी कधी तेल दिलं का? नाही! म्हणून तर ते रडत असणार. आत्याबाईंनी गोल भोकातून वाटीभर करडीचं तेल आत सोडलं होतं, गिटार चांगली हलवून ते सगळीकडे पोचवलं होतं, आणि उरलेलं तारांना चोळलं होतं.

मी तार छेडली. बद्द. दुसरी छेडली. बद्द. मी मटकन खाली बसले आणि भोकाड पसरलं.

"काहून रडून राहिली? ढोलकीला तर देतोच की आमी!" आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. असा उतरलेला चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता. त्या तिथून उठून मावशीकडे जाऊन बसल्या आणि संध्याकाळपर्यंत घरात आल्या नाहीत.

ह्यांची ड्यूटी संपली. घरी आले, गिटार उलटी करून पाहिली, भोकातून दोन थेंब बुटावर पडले. मला वाटलं आता हेही रडतील. पण मेकॅनिकला तेलाची काय भीती! डेपोत जमिनीवर तेल सांडलं की त्यावर लाकडाचा भुसा टाकतात. हे तसेच सायकलवर बसून वखारीतून पिशवीभर भुसा घेऊन आले. तारा काढल्या, भुसा गिटारच्या पोटात भरला आणि आम्ही दोघांनी दोन्ही टोकं धरून ती चाळणीसारखी हलवली. भुसा तेल पिऊन बाहेर यायचा, की पुन्हा कोरडा भरायचा. तारा त्यांनी धुण्याचा सोडा टाकून चहाच्या पातेल्यात उकळल्या. मावशी दारातून डोकावून म्हणाली, "आज काय, तारांचा रस्सा का?" तेवढ्यात तिच्यामागून आत्याबाईही आल्या, चुलीपुढं बसल्या आणि पातेल्याखाली जाळ सारू लागल्या.

उकळलेल्या तारा चकचकीत झाल्या, पण चढवताना सगळ्यात बारीक तार तटकन तुटली. नवी तार हिंगोलीत कुठून मिळणार? हे क्षणभर डोकं खाजवत उभे राहिले, मग बाहेर जाऊन त्यांनी सायकलच्या ब्रेकची वायर सोडली, तिचा एक धागा उलगडून काढला, एका टोकाला अडकण म्हणून बारका वायसर बांधला आणि दुसरं टोक खुंटीला पिळलं. मी छेडला. वाजला की हो! आत्याबाईंनी मोठा श्वास सोडला. माझ्या नवऱ्याचा मला त्या क्षणी जितका अभिमान वाटला तितका मग पुढं त्यांना बढती मिळाली तेव्हाही वाटला नाही. ते मात्र पुढे कित्येक दिवस पाय घासून सायकल थांबवत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं शिरड शहापूरला गेलो. गिटारमधून थोडा थोडा भुसा गळत होता आणि करडीचा वास येत होता. लग्न लागलं, पंगती उठल्या, आणि मांडवात सतरंजीवर एका बाजूला आम्ही, समोर पुसेगावच्या बायका. त्यांची मुख्य गाणारी उंचीपुरी, कपाळावरचा घाम पुसत मजेत बसलेली. तिनं माझ्या मांडीकडं बघितलं आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं.

गाणं सुरू झालं. आत्याबाईंनी ओळ धरली ती खालूनच. हळदीचा हंगाम नुकताच सरला होता, घसा अजून पिवळाच होता. पुसेगावनं झेलली, वर नेली. आम्ही आणखी वर. मी ना तारांकडं बघत होते ना हाताकडं, मी फक्त आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत होते. त्या वर निघाल्या की त्यांची हनुवटी आधी हलते, हे मला चुलीपुढं कळलं होतं. हनुवटी हलली की माझी कांडी सरकायची. मांडवात बाहेरची माणसं येऊन उभी राहिली. मावशीची ढोलकी अशी पेटली होती की लेकरं नाचायला लागली. मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते.

मग पुसेगावनं एक चढ दिला, तो फारच वर. आता आमची पाळी. आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. हवाच. त्यांनी गळ्याला हात लावला आणि आमच्या बायका घाबरून त्यांच्याकडं बघायला लागल्या, कारण आत्याबाईंनी धरल्याशिवाय बाकीच्यांना सूर सापडत नसे. ढोलकी चालू होती. समोरच्या बायकांनी टाळ्यांसाठी हात वर केले. मला एवढंच दिसलं की आत्याबाईंचं नाव जातंय. मी कांडी उचलली आणि जिथवर ती कधी नेली नव्हती तिथं, पार भोकाजवळ, नेऊन ठेवली आणि ती ओळ वाजवली. ब्रेकच्या वायरवर! पुसेगावच्या सुराच्या वर एक पायरी. आत्याबाईंनी हात उंचावला, आमच्या बायकांना सूर सापडला आणि त्यांनी तो उचलला.

"थांबा थांबा!" पुसेगावच्या बाईनं हात आडवा केला. ढोलकी थांबली. "ह्ये काय चालतंय व्हय? झेलायचं ते पार्टीतल्या बाईनं. ही कोन? तुमची सून ना? वाजवाया आणलेली. ते लोखंड झेलून राहिलं, गळा न्हाई."

आमच्या बाजूच्या ज्या दोघीतिघी लेकरू घरी ठेवा म्हणत होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. मी गिटारवरचा हात काढून घेतला. रीत मोडली असेल तर ती मीच मोडली होती.

आत्याबाई माझ्याकडं सरकल्या. आवाज तर बसलेलाच होता. घोगऱ्या, फाटक्या आवाजात, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "सून ती घरी. हितं ती पार्टीतली बाई हाय. तिचा गळा तारंत हाय, काय म्हननं हाय तुमचं?"

मग आमच्या बाजूनं एकजण म्हणाली, "व्हय, पार्टीतली हाय." दुसरी म्हणाली. तिसरीही म्हणाली. पुसेगावची बाई एकदम हसली, मांडीवर हात मारला आणि म्हणाली, "हाय तर हाय! मंग झेला आता!" आणि तिनं जी ओळ उचलली ती मांडवाच्या वर.

मला रडू फुटत होतं, पण रडायला सवड कुठली. मावशीनं ढोलकीवर थाप टाकली होती, आणि आत्याबाई माझ्या गुडघ्यावर हात आपटून ओरडत होत्या, "ने गं, ने! आनखी वर ने!"